नागपूरच्या उन्हाळ्यात खिडकी उघडायची कधी?

ज्यांना वाचायलाच बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय.

आमच्या जरीपटक्याच्या घरावर आई-बाबांसाठी एक खोली चढतेय. मे महिन्यात रात्री लाइट गेली की एसी म्हणजे नुसता भिंतीवरचा डबा, त्यामुळे खोली स्वतःच्या दमावर थंड राहायला हवी. ठेकेदार म्हणाला, "समोरासमोर दोन मोठ्या खिडक्या टाका, हवा खेळती राहील." अर्धं बरोबर आहे. पण कधी खेळती ठेवायची, हे तो सांगत नाही.

मुंबईत दुपारची हवा तेहतीस-चौतीस अंशांची असते. आपल्या त्वचेचं तापमान साधारण पस्तीस. म्हणून तिथे खिडकी उघडली की बरं वाटतं. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता! अशा दुपारी खिडकी उघडणं म्हणजे घरात भट्टीचं तोंड उघडणं. तो वारा भिंती, फरशी, गादी सगळं तापवतो, आणि रात्री तीच उष्णता आपल्यावर परत येते.

जरीपटका फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेला. त्यांच्या सिंधमधल्या हैदराबादेत जुन्या घरांच्या गच्चीवर 'मंघ' असायचे, म्हणजे वारा पकडून खाली खोलीत सोडणारी धुराड्यासारखी रचना. सगळ्यांची तोंडं नैऋत्येला, कारण तिकडून समुद्राचा वारा यायचा. मस्त आयडिया आहे, पण इथे कॉपी-पेस्ट चालणार नाही. आपल्याकडे दुपारी पश्चिम-वायव्येकडून येते ती लू.

मग हिशोब रात्रीचा. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत हवा असते फक्त चाळीस किलोच्या आसपास. नऊ इंची विटांच्या चार भिंती मात्र पंधरा टनांच्या घरात, वर स्लॅब तीन टनांचा. म्हणून रात्री दहा मिनिटं खिडकी उघडून काही होत नाही. हवा बदलते, भिंती गरमच राहतात. बाहेरचं तापमान घरातल्यापेक्षा खाली आलं की उघडायचं, सकाळपर्यंत उघडंच ठेवायचं आणि ऊन चढायच्या आत खिडक्या-पडदे बंद. दोन साधे थर्मामीटर, एक आत, एक बाहेर सावलीत, एवढं पुरतं.

पण रात्री वाराच नसेल तर? तेव्हा उंची कामाला येते. गरम हवा हलकी, ती वर जाते. खाली खिडकी आणि वर रोशनदान असेल तर पंख्याशिवायही हवा सरकते. जितकं अंतर जास्त तितका ओढा जास्त, पण अंतर चौपट केलं तर प्रवाह दुप्पटच होतो. आमच्याकडे गच्चीवर उघडणारा जिना आहेच. त्याच्या वरच्या दाराला जाळी लावली की अख्खा जिना धुराड्यासारखा काम करेल. फुकटात!

खिडकी स्लायडिंग घेऊ नका. ती सहसा अर्ध्यापेक्षा जास्त उघडत नाही, त्यात डासांची जाळी आणखी वारा अडवते. पल्ल्यांची खिडकी पूर्ण उघडते. ग्रिल मजबूत हवी, नाहीतर रात्री उघडी ठेवायची हिंमत कोण करेल?

आणि कूलर. ४४ अंश आणि पंधरा टक्के आर्द्रता असेल तर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त तेवीसपर्यंत उतरू शकते. चांगला कूलर अठ्ठावीसच्या आसपास आणतो. पण तो बाहेरची हवा आत ढकलतो, ती जायला समोर वाट हवीच. दुपारी बंद खिडक्यांच्या नियमाला हा एकच अपवाद. कूलरच्या समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसती चिकचिक.

स्लॅबवर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात मारायचा, हे बाबांनी आधीच ठरवलंय. जूनमध्ये पाऊस लागला की मात्र सगळं उलटं. हवा दमट, कूलर निकामी, आणि खिडक्या दिवसभर सताड उघड्या.