रायफल साफ केल्यावर बोल्ट परत बसत का नाही? समजून घ्या स्प्रिंगचं गणित

गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसाळ्यात इथं कपाटातले कपडेही दमट होतात, मग लोखंडाची काय कथा!

कोल्हापूरचा पश्चिम डोंगरी भाग आणि घाटाखालचा सिंधुदुर्ग इथं पीक संरक्षणाच्या परवान्यावर बंदुका बाळगल्या जातात. नेमबाजी तर कोल्हापूरची ओळखच. शेजारच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं.

शस्त्र कुठलंही असो, दमट हवेत ते वारंवार पुसावं लागतं. खोलणं सोपं असतं, खरी अडचण येते परत जोडताना. कारण आत दाबून बसवलेली स्प्रिंग असते.

स्प्रिंग असते कुठे?

बोल्ट रायफलमध्ये मुख्य स्प्रिंग बोल्टच्या आत, फायरिंग पिनभोवती असते. चाप ओढला की ती सुटते आणि पिन काडतुसाच्या बुडावर आदळते. इन्सास किंवा एसएलआरसारख्या रायफलींमध्ये आणखी एक रिकॉइल स्प्रिंग असते. गोळी सुटल्यावर मागे आलेले भाग ती पुन्हा पुढे ढकलते. ठासणीच्या बंदुकीत घोड्यासाठी चपटी, वाकवलेली स्प्रिंग असते.

बोल्ट आत का जात नाही?

अनेक रायफलींमध्ये बोल्ट बाहेर काढताना आतली स्प्रिंग दाबलेल्या, म्हणजे ‘कॉक’ स्थितीत असते. पुसताना बोल्टचा मागचा भाग चुकून फिरला की तो खाचेतून घसरतो आणि स्प्रिंग सैल होते. मग बोल्ट रायफलीत शिरत नाही किंवा अर्ध्यावर अडकतो.

इथंच लोक हातोडी घेतात. पण काही मोडलेलं नसतं, फक्त भाग चुकीच्या जागी असतो. मागचा भाग फिरवून पुन्हा खाचेत बसवला की बोल्ट सहज आत जातो. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय, हे साधं सूत्र.

जोडताना काय लक्षात ठेवायचं?

* आधी शस्त्र रिकामं असल्याची खात्री करा. ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे का, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून नळीत गज सोडून तो कुठपर्यंत जातो ते मोजतात आणि नळीच्या बाहेरच्या लांबीशी पडताळतात. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.
* खोलताना भाग ओळीनं मांडा. जोडताना उलट क्रम, म्हणजे शेवटी काढलेला भाग आधी बसतो.
* स्प्रिंगची दिशा स्वतःच्या किंवा कुणाच्याही चेहऱ्याकडे नको. डोळ्यांवर चष्मा हवाच. सुटलेली छोटी स्प्रिंग डोळा निकामी करू शकते. पारदर्शक पिशवीत हात घालून काम केलं, तर ती हरवतही नाही.
* जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीचा बोल्ट दुसरीला लावू नका. बोल्ट आणि रायफल यांच्यावर सारखाच क्रमांक असतो. जोडी बदलली तर काडतुसामागची मोकळी जागा बदलते आणि गोळी झाडताना काडतूस फुटण्याचा धोका राहतो.
* शेवटी रिकाम्या रायफलीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून बोल्ट, चाप आणि सेफ्टी तपासा.

तेल जास्त घातलं तर?

गंजाच्या भीतीनं तेल ओतण्याची सवय अनेकांना असते. पण बोल्टच्या आत तेल साचलं की त्यात धूळ बसते, ते चिकट होतं आणि पिनचा वेग मंदावतो. मग चाप ओढूनही बार उडत नाही. पातळसा थर पुरेसा असतो. कापडी किंवा चामडी कव्हर ओल धरून ठेवतं, त्यामुळे पावसाळ्यात शस्त्र कव्हरमध्ये घालून महिनोन् महिने ठेवू नये.

स्प्रिंग तुटली तर घरीच बदलायची?

नाही. शस्त्र पुसणं, तेल लावणं वेगळं आणि दुरुस्ती वेगळी. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार शस्त्रदुरुस्तीसाठी स्वतंत्र परवाना लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान 7 वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्यामुळे गावातल्या लोहाराकडून किंवा वर्कशॉपमधून स्प्रिंग बनवून घेणं मालक आणि कारागीर, दोघांनाही महागात पडू शकतं.

मोडलेला भाग परवानाधारक शस्त्र विक्रेत्या-दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्यावा. आणि जोडून झाल्यावर टेबलावर एखादा बारीक तुकडा उरला असेल, तर ते शस्त्र वापरू नये. तो तुकडा कुठला आहे, हे आधी शोधावं.