खर्च न करणं हा गुन्हा

निआ सो कोप्रोस या देशात पैसे साठवणं हा गुन्हा आहे. दर महिन्याला किती खर्च करायचा, हे ज्याच्या-त्याच्या दर्जाप्रमाणे कायद्यानंच ठरवून दिलेलं आहे. माणसाची ओळख तिथं 'ग्राहक' एवढीच. त्याच्या बोटात बसवलेल्या चिपला 'आत्मा' म्हणतात. तिच्याशिवाय लिफ्टसुद्धा हलत नाही.

डेव्हिड मिचेल यांच्या 'क्लाउड अ‍ॅटलस' (2004) या कादंबरीतल्या सहा कथांपैकी पाचवी कथा दूरच्या भविष्यातल्या या कोरियात घडते. आपल्या इतिहासात 'कंपनी सरकार' होऊन गेलं. इथं तर कंपनी आणि सरकार यांत फरकच उरलेला नाही. सत्ताधारी मंडळाचं नाव 'जुचे', म्हणजे उत्तर कोरियाच्या विचारसरणीचंच नाव, मिचेल यांनी थेट बाजारपेठेच्या डोक्यावर बसवलं आहे. देशाच्या नावात 1940 साली जपाननं पुकारलेल्या 'बृहत्तर पूर्व आशिया सह-समृद्धी क्षेत्रा'चा पडसाद आहे. तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि समृद्धीच्या घोषणेआड कोरियन माणसं सक्तीच्या मजुरीला जुंपली जात होती. मिचेल हिरोशिमात अनेक वर्षं इंग्रजी शिकवत होते. हा इतिहास त्यांच्या कल्पनेत मुरलेला जाणवतो.

कथेची नायिका सोनमी-451 ही जमिनीखालच्या एका खाणावळीतली वाढपी. तिच्यासारख्या मुली जन्माला येत नाहीत, कारखान्यात घडवल्या जातात. पहाटे साडेचारला हवेत सोडलेल्या उत्तेजकानं जाग येते. मग मालकाच्या प्रतिमेसमोर प्रार्थना आणि त्यानंतर सलग एकोणीस तास ऑर्डरी घेणं, ताटं पोचवणं, टेबलं पुसणं. जेवण म्हणजे 'साबण' नावाचं एक द्रव्य; आठवणी पुसणारं औषध त्यातच मिसळलेलं. वर्षाला गळपट्टीवर एक तारा मिळतो. बारा तारे झाले की जहाजानं हवाईला जायचं आणि सुखात राहायचं, असं वचन. तिची मैत्रीण योना-939 पळायचं ठरवते, तेव्हा एका ग्राहकाचं मूल उचलून लिफ्टकडे धावते, कारण लिफ्टला त्या मुलाच्या बोटातला 'आत्मा' हवा असतो. ती गोळ्यांना बळी पडते.

ते जहाज कत्तलखाना आहे, हे सोनमी पुढं डोळ्यांनी पाहते. बारा तारे मिळवलेल्या मुलींचा तिथं साबण होतो, आणि ग्राहकांच्या ताटातलं अन्नही. हा प्रसंग वाचवत नाही. तरीही मला त्याहून भयंकर वाटतं ते पुढचंच. तिला पळवून नेणारी, तिच्याकडून बंडाचा जाहीरनामा लिहून घेणारी भूमिगत संघटना सरकारच चालवत असतं! असंतुष्ट माणसं एका जागी गोळा व्हावीत, जनतेपुढं उभा करायला एक शत्रू असावा आणि गुलामांच्या मुक्तीची भाषा करणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत, यासाठी रचलेलं हे नाटक. विरोधक पकडून तुरुंगात डांबणारी हुकूमशाही आपल्याला ठाऊक असते. ही विरोधकही स्वतःच तयार करते.

देहदंडाआधी सोनमीची जबानी टिपून घेणारा सरकारी नोंदकार चक्रावून विचारतो, की कट कळला होता तर साथ का दिली? सोनमीचा हिशेब सरळ आहे. तिला बदनाम करण्यासाठी सरकारनंच तिचा जाहीरनामा घरोघरी पोचवला आहे. आता तो कुणाच्या डोक्यातून कसा काढणार? आणि तसंच होतं. पुढच्या कथेत, निआ सो कोप्रोस कधीच बुडालेलं असताना, हवाईतल्या दऱ्यांत राहणारी माणसं सोनमीला देवी मानतात.

2012 सालच्या चित्रपटानं ही कथा 2144 सालच्या, समुद्रानं गिळलेल्या सोलमध्ये नेली. बे डूना या कोरियन अभिनेत्रीनं सोनमी जीव ओतून साकारली. मात्र गोऱ्या नटांना रंगभूषेनं कोरियन बनवल्यावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. माझी मोठी तक्रार वेगळी आहे. चित्रपटातली बंडखोर संघटना खरीखुरी आहे. ती खरी ठरली की हे राज्य इतर कुठल्याही जुलमी राज्यासारखं उरतं, आणि मरणाच्या दारात सोनमीनं मांडलेला तो हिशेबही हातातून जातो.