दात सरळ होतात कसे? ब्रॅकेटचे प्रकार आणि त्यांचा परिणाम

वेड्यावाकड्या दातांना तार लावण्याचा निर्णय झाला की पालकांसमोर पहिला प्रश्न येतो तो ब्रॅकेटच्या निवडीचा. धातूचे साधे ब्रॅकेट, दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट आणि 'सेल्फ लायगेटिंग' म्हणजे स्वतःच तार धरून ठेवणारे ब्रॅकेट, असे पर्याय सांगितले जातात. त्यांच्या किमतीत मोठा फरक असतो. महाग ब्रॅकेटमुळे दात लवकर सरकतात, असा समजही रूढ आहे. तो कितपत खरा आहे, हे समजण्यासाठी दात मुळात सरकतो कसा, हे पाहावे लागेल.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतुमय पडदा असतो. दातावर हलका पण सतत दाब राहिला, की दाबाच्या बाजूचे हाड पेशींकडून झिजवले जाते आणि विरुद्ध बाजूस नवे हाड तयार होते. हा वेग शरीर ठरवते. साधारणपणे दात महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास सरकतो. जोर वाढवल्याने तो वाढत नाही. उलट पडद्यातील रक्तपुरवठा खुंटून हालचाल थबकते आणि मुळे झिजण्याचा धोका वाढतो.

ब्रॅकेट स्वतः दात ओढत नाही. जोर तारेचा, स्प्रिंगचा किंवा रबराचा असतो. ब्रॅकेट तो दातापर्यंत पोहोचवते. त्यातील खाच बहुधा ०.०१८ किंवा ०.०२२ इंच उंचीची असते. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या 'एजवाइज' पद्धतीत या आयताकृती खाचेत आयताकृती तार बसवली जाऊ लागली, आणि दाताच्या मुळाचा कल बदलणेही शक्य झाले. ऑस्ट्रेलियाचे रेमंड बेग यांची पद्धत निराळी होती. तिच्यात बारीक गोल तार वापरून दाताचा माथा आधी झुकवला जाई व मूळ नंतर सरळ केले जाई. भारतातील दंत महाविद्यालयांतही ही पद्धत शिकवली जात असे.

१९७० च्या दशकात लॉरेन्स अँड्र्यूज यांनी प्रत्येक दाताचा अपेक्षित कल ब्रॅकेटमध्येच घडवला. त्यामुळे तारेला जागोजागी बाक देण्याचे काम बरेच कमी झाले. मात्र ब्रॅकेट अचूक जागी चिकटवण्याला विलक्षण महत्त्व आले. ते थोडे तिरके बसले, तर दातही तिरकाच 'सरळ' होतो! रुंदीचाही परिणाम होतो. रुंद ब्रॅकेट वळलेला दात फिरवण्यास सोयीचे असते, तर अरुंद ब्रॅकेटमुळे दोन दातांमधील तारेची लांबी वाढून ती अधिक लवचीक राहते.

सिरॅमिक ब्रॅकेट दिसायला सुबक असले, तरी त्यांची खाच धातूइतकी गुळगुळीत नसते. दात तारेवरून सरकताना घर्षण वाढते. ते ठिसूळ असल्याने काढताना तुटू शकतात. वरचे दात खालच्या दातांवर खोल येत असतील, तर खालच्या सिरॅमिक ब्रॅकेटवर घासून वरच्या दातांचे कवच झिजते. खालच्या दातांना धातूचे ब्रॅकेट सुचवले जाते, ते या कारणाने.

सर्वाधिक दावे होतात ते सेल्फ लायगेटिंग ब्रॅकेटबाबत. यात तार बांधायला रबरी कडी किंवा बारीक तार लागत नाही. एक लहानशी झडप खाच बंद करते. ही कल्पना १९३५ च्या सुमाराची असली, तरी तिचा मोठा प्रसार १९९० नंतर झाला. प्रयोगशाळेत, विशेषतः बारीक गोल तारेवर, या ब्रॅकेटचे घर्षण खरोखरच कमी आढळते. परंतु तोंडात दात वाकडा असताना तार खाचेच्या कडांवर अडकते, आणि हे अडकणे झडप असो वा कडी, दोन्हीकडे होतेच. शिवाय हाडाचा वेग तोच राहतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत उपचाराचा एकूण काळ लक्षणीयरीत्या घटल्याचे आढळले नाही. तार बदलताना खुर्चीतील काही मिनिटे मात्र वाचतात.

दात काढावे लागणार की नाही, तारांचा क्रम कसा असावा, ब्रॅकेट कुठे चिकटवावे आणि रुग्ण ठरल्या तारखांना येतो का, यांवर उपचाराची लांबी अधिक अवलंबून असते. जादा पैसे मोजण्यापूर्वी पालकांनी तज्ज्ञांना याविषयी अवश्य विचारावे. ब्रॅकेट कोणतेही असो, ते निघाल्यावर दात पूर्वीच्या जागेकडे परतू पाहतात. त्यामुळे रिटेनर सांगितलेल्या काळापर्यंत वापरावाच लागतो.