रंग लावू नका, गाडी विकायचीय!

जुनी गाडी विकायची म्हटलं की आपण आधी गॅरेज गाठतो. पण गंजलेल्या, वेल्डिंग केलेल्या एका मस्टँगने हा फंडाच उलटा केला...

गाडी विकायची ठरली की घरोघरी काय होतं, तुम्हाला माहितीच आहे. आधी सर्व्हिसिंग. मग बंपरचा पोचा काढायचा, दारावरच्या ओरखड्याला टचअप, सीटला नवं कव्हर, डॅशबोर्डवर पॉलिशचा हात... आपल्याकडे असताना गाडी जितकी चकाचक नव्हती, तितकी ती जाताना होते!

पाच-सात वर्षांच्या हॅचबॅकसाठी हे ठीक आहे. पण गाडी क्लासिक असेल, तर हाच उत्साह महागात पडतो. किती महागात? त्यासाठी थेट अमेरिकेतल्या फ्लोरिडात जायला हवं.

१० जानेवारी २०२०. किसिमी शहरात मेकम कंपनीचा लिलाव सुरू होता. समोर आली १९६८ ची फोर्ड मस्टँग जीटी ३९० फास्टबॅक. रंग गडद हिरवा, म्हणजे कधीकाळी! आता तो जागोजागी विटलेला, मधेमधे गंज. पुढच्या जाळीवरचा मस्टँगचा प्रसिद्ध घोडा गायब. खालच्या बाजूला वेल्डिंग करून बसवलेले पाइप. आपल्याकडच्या कुठल्याही सेकंडहँड डीलरने नाक मुरडलं असतं आणि निम्मी किंमत सांगितली असती.

हातोडा पडला ३४ लाख डॉलरवर. कमिशन धरून ३७.४ लाख डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण साडेसव्वीस कोटी रुपये! लिलावात मस्टँगला त्या दिवसापर्यंत इतकी किंमत कधीच मिळाली नव्हती.

घोडा गेला कुठे?

१९६८ मध्ये 'बुलिट' नावाचा हॉलिवूडपट आला. हीरो स्टीव्ह मॅक्वीन. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा त्यातला जवळजवळ ११ मिनिटांचा कार चेज आजही सिनेमावेडे डोक्यावर घेतात. त्यासाठी सारख्याच दोन हिरव्या मस्टँग आणल्या होत्या. एक उड्या मारून धडपडायला, दुसरी हीरोला जवळून दाखवायला.

मॅक्स बाल्चोव्स्की या रेसिंगमधल्या उस्तादाने त्या तयार केल्या. उतारावरून उडी मारून गाडी आपटल्यावर मोडू नये म्हणून सस्पेन्शन मजबूत केलं. गाडी जरा गूढ दिसावी म्हणून घोडा आणि जीटीचे बिल्ले उतरवले. कॅमेरा बसवण्यासाठी खाली पाइप जोडले. लिलावात आली ती हीरोवाली.

म्हणजे हे चक्क मॉडिफिकेशन होतं. आणि मॉडिफिकेशन म्हटलं की एरवी भाव पडतो. कुणीतरी हौसेने छत कापून सनरूफ बसवतो, कुणी रुंद चाकं लावतो... मग गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "ओरिजिनल आहे ना?" या मस्टँगचं मात्र उलटं. खालचे पाइप कापून, नवा घोडा बसवून तिला 'ओरिजिनल' केलं असतं, तर उरली असती १९६८ ची आणखी एक हिरवी मस्टँग. बस्स!

फरक कशात आहे? बदल कुणी केला, कधी केला, कशासाठी केला आणि त्याचा पुरावा आहे का, यात. उत्तरं असतील तर मॉडिफिकेशन हा इतिहास. नसतील तर नुसती कापाकापी.

मॅडमची मस्टँग

शूटिंग संपल्यावर गाडी आधी स्टुडिओतल्याच एका कर्मचाऱ्याकडे गेली, मग न्यू जर्सीतल्या एका पोलिस डिटेक्टिव्हकडे. १९७४ मध्ये 'रोड अँड ट्रॅक' मासिकात तिची छोटी जाहिरात आली आणि रॉबर्ट कीर्नन यांनी ती काही हजार डॉलरला घेतली. पुढे त्यांची शिक्षिका पत्नी रॉबी रोज हीच गाडी घेऊन शाळेत जायच्या. विचार करा, पार्किंगमध्ये मॅक्वीनची मस्टँग आणि मॅडम वर्गात पाढे घेतायत!

१९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने रॉबर्टना पत्र पाठवलं. गाडी परत हवी होती. त्याने स्पष्ट लिहिलं होतं, की ती सिनेमात होती तशीच ठेवायची आहे, रिस्टोअर करायची नाही. जगातल्या सगळ्यात 'कूल' माणसाला जे तेव्हाच कळलं होतं, ते बाजाराला कळायला पुढे कित्येक वर्षं लागली. रॉबर्टनी गाडी दिली नाही.

१९८० मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली. त्याच वर्षी मॅक्वीनही गेला. २००१ च्या सुमाराला रॉबर्ट आणि मुलगा शॉन यांनी ती पुन्हा चालू करायचा बेत आखला. पण वडिलांना पार्किन्सन्सने गाठलं. २०१४ मध्ये ते गेले. राहिलेलं काम शॉनने गुपचूप पूर्ण केलं, पण फक्त गाडी चालण्यापुरतं. रंगाला हात लावला नाही. जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये ती जगासमोर आली, तेव्हा लोकांचा विश्वास बसेना.

आणि दुसरी मस्टँग? ती २०१७ मध्ये मेक्सिकोत भंगारात सापडली. घेणारा तिला दुसऱ्याच एका सिनेमातल्या मस्टँगची कॉपी बनवणार होता. चॅसी नंबर तपासला गेला, म्हणून वाचली. थोडा उशीर झाला असता, तर एक खरी गाडी दुसरीची नक्कल होऊन बसली असती.

तुम्ही म्हणाल, हे फिल्मी गाड्यांचे लाड आहेत. तर तसंही नाही. २०१५ मध्ये पॅरिसला आर्टक्यूरियलच्या लिलावात शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेली एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर धुळीसकट विकली गेली. किंमत १.६ कोटी युरोंच्या वर! रंग कधीही लावता येतो हो. पण गाडी 'न रंगवलेली' एकदाच असते.

तुमच्याकडेही आहे एखादी?

आजोबांची फियाट, काकांची जावा, गावच्या वाड्यात ताडपत्रीखाली झाकलेलं काहीतरी... विकायचा विचार असेल, तर एवढं करा.

* आधी फोटो. गाडी जशी आहे तशी, सगळ्या बाजूंनी, खालूनसुद्धा. धुण्याआधी.
* काढलेले पार्ट भंगारात देऊ नका. जुना कार्ब्युरेटर, चाकं, स्टेअरिंग खोक्यात भरून गाडीबरोबर द्या. नव्या मालकाला बदल उलटवता आला, तर भाव कमी पडत नाही.
* बदलांची यादी करा. काय, कधी, कुणी केलं. बिल असेल तर उत्तम. गंज लपवू नका, दाखवा. लपवलेला गंज सौदा मोडतो.
* सेफ्टीत तडजोड नको. ब्रेक, टायर, वायरिंग, पेट्रोलची नळी नीट करून घ्या. जुनेपण दिसू दे, पण ब्रेकमध्ये नको!
* कागद जुळवा. इंजिन आणि चॅसी नंबर आरसीशी जुळायला हवेत. रंग बदलला असेल, तर त्याचीही नोंद हवी.

आणि एक महत्त्वाचं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. गाडी किंवा बाइक ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी, इंजिनमध्ये मोठे फेरफार चालत नाहीत. त्यामुळे हौसेने केलेली कापाकापी आपल्याकडे भावाआधी नोंदणीतच आडवी येऊ शकते.

जाता जाता किसिमीची एक गोष्ट. शॉनने गाडी लिलावात उतरवली ती किमान किंमत न ठेवता. म्हणजे बोली कुठेही थांबली असती, तरी आईने शाळेला नेलेली आणि वडिलांबरोबर चालू करायची राहून गेलेली गाडी हातातून जाणारच होती. तरी विकण्याआधी त्याने तिला सजवलं नाही. जशी घरात होती, तशीच पाठवली.

तुमच्या फियाटच्या दारावर लहानपणी तुमच्याच सायकलने पडलेला ओरखडा असेल. त्याचे कोटी मिळणार नाहीत, कबूल. पण पेंटरला फोन लावण्याआधी एकदा बघा तरी त्याच्याकडे!