सहाराचा पेच आणि एव्हियाँचा करार

१ नोव्हेंबर १९५४ रोजी ‘राष्ट्रीय मुक्ती आघाडी’ने सुरू केलेले अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध रणांगणावर कोठवर पोहोचले होते, हे मागील लेखांकात पाहिले. ट्युनिशियाच्या सीमेवरील विद्युतभारित तारांच्या कुंपणामुळे क्रांतिकारकांची रसद तुटली होती आणि लष्करीदृष्ट्या फ्रान्सची बाजू वरचढ होती. तरीही डिसेंबर १९६० मध्ये अल्जीयर्सच्या रस्त्यांवर उतरलेल्या जनसमुदायाने फ्रेंच सत्तेचा नैतिक आधार संपल्याचे दाखवून दिले. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी सप्टेंबर १९५९ मध्येच स्वयंनिर्णयाचे, म्हणजे आपले राजकीय भवितव्य मतदानाने ठरवण्याचे, तत्त्व मान्य केले होते आणि जानेवारी १९६१ च्या सार्वमतात सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी त्याला पाठिंबा दिला. त्यामुळे पुढील वाटाघाटींत खरा वाद स्वातंत्र्य द्यावे की नाही याचा नव्हता; ते कोणत्या भूमीवर आणि कोणत्या अटींवर द्यावे, याचा होता.

जून १९६० मधील मलाँ येथील पहिली बोलणी ‘आधी युद्धबंदी, मग राजकीय चर्चा’ या फ्रान्सच्या आग्रहामुळे फिसकटली. गनिमी सेनेने एकदा शस्त्रे खाली ठेवली की ती पुन्हा उभी करणे दुष्कर असते, हे आघाडीचे नेते पुरते जाणून होते. २० मे १९६१ रोजी जिनिव्हा सरोवराकाठच्या एव्हियाँ या फ्रेंच गावात पुन्हा बैठक भरली; तिच्या आधीच, ३१ मार्च रोजी, तेथील महापौर कामीय ब्लाँ यांचा बॉम्बस्फोटात बळी गेला होता. अल्जीरियन शिष्टमंडळ फ्रेंच भूमीवर मुक्काम न करता स्वित्झर्लंडमध्ये उतरत असे आणि तेथून सरोवर ओलांडून चर्चेला येत असे.

ही बोलणी अडली ती सहारावर. हासी मसूद येथे १९५६ मध्ये खनिज तेल सापडले होते, रेगान येथे फेब्रुवारी १९६० मध्ये फ्रान्सने आपली पहिली अणुचाचणी केली होती, आणि १९५७ पासून वाळवंटी प्रदेशाची प्रशासकीय व्यवस्था उत्तर अल्जीरियापासून वेगळी करण्यात आली होती. सहारा हा अनेक देशांचा किनारा लाभलेल्या समुद्रासारखा असून त्यावर एकट्या अल्जीरियाचा हक्क नाही, असा फ्रान्सचा युक्तिवाद होता. आघाडीने त्याला ठाम नकार दिला आणि तो योग्यच होता, कारण हा तुकडा सोडला असता तर नव्या राष्ट्राच्या हाती तेलाविना उरलेली, युद्धाने होरपळलेली किनारपट्टी तेवढी आली असती. अखेर ५ सप्टेंबर १९६१ रोजी द गॉल यांनीच हा आग्रह सोडला आणि पुढचा मार्ग मोकळा झाला.

फेब्रुवारी १९६२ मध्ये ले रूस येथे गुप्तपणे मसुदा ठरला आणि १८ मार्च रोजी एव्हियाँ येथे फ्रान्सतर्फे लुई जोक्स व त्यांचे दोन सहकारी आणि अल्जीरियातर्फे क्रिम बेलकासेम यांनी स्वाक्षऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी युद्धबंदी लागू झाली. मेर्स-अल-कबीरचा नाविक तळ फ्रान्सला १५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाला, सहारातील चाचणीस्थळे ५ वर्षे त्याच्याच ताब्यात राहिली आणि फ्रेंच कंपन्यांचे तेलविषयक हक्क जपले गेले.

तळ आणि तेल यांबाबत इतका काटेकोर असलेला हा करार माणसांच्या सुरक्षिततेबाबत मात्र शब्दांवरच थांबला. सुमारे दहा लाख युरोपीय रहिवाशांना नागरिकत्व निवडण्यासाठी ३ वर्षांची मुदत होती. परंतु कराराला विरोध करणाऱ्या ‘गुप्त सेना संघटने’ने घातपातांचे सत्र आरंभले, प्रतिहिंसाही उसळली, आणि त्यांतील बहुसंख्य लोक काही महिन्यांतच घरदार सोडून फ्रान्सला निघून गेले. त्याहून करुण दशा झाली ती ‘हरकीं’ची, म्हणजे फ्रेंच सैन्याच्या बाजूने लढलेल्या स्थानिक मुस्लिम शिपायांची. युद्धकाळातील कृत्यांबद्दल सूड घेतला जाणार नाही, अशी हमी करारात होती, पण ती अमलात आणणारी यंत्रणा नव्हती. फ्रान्सने त्यांची शस्त्रे काढून घेतली आणि काही फ्रेंच अधिकारी त्यांना परस्पर फ्रान्सला आणू लागले, तेव्हा मे १९६२ मध्ये ते रोखण्याचे आदेश काढले. मागे राहिलेल्यांपैकी हजारो जण मारले गेले. ज्यांना आपल्या बाजूने लढायला उभे केले त्यांना असे वाऱ्यावर सोडण्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही.

१ जुलै १९६२ च्या सार्वमतात अल्जीरियन जनतेने जवळजवळ एकमुखाने स्वातंत्र्याचा कौल दिला आणि ३ जुलै रोजी फ्रान्सने तो मान्य केला. स्वातंत्र्यदिन म्हणून मात्र ५ जुलै हा दिवस ठरवण्यात आला, कारण १८३० मध्ये याच तारखेला अल्जीयर्स फ्रेंचांच्या स्वाधीन झाले होते. त्याच उन्हाळ्यात हंगामी सरकारचे प्रमुख बेनखेद्दा आणि तुरुंगातून सुटलेले बेन बेला यांच्या गटांत सत्तासंघर्ष पेटला. त्याचा विचार पुढील लेखांकात करण्यात येईल.