‘द सिम्स ४’मध्ये घरातला नववा माणूस कुठे ठेवायचा?

डहाणू-तलासरीच्या पाड्यावरचं आजी-आजोबा, काका-काकू, भावंडं असं मोठं कुटुंब ‘द सिम्स ४’मध्ये उभं करायला गेलं की अडचण येते. एका कुटुंबात ८ पात्रंच बसतात!

उपाय सोपा आहे. काका-काकूंचं बिऱ्हाड शेजारच्या प्लॉटवर हलवा; नाती तुटत नाहीत. २०२३ साली आलेला ‘फॉर रेंट’ हा पॅक विकत घेतला असेल, तर एकाच प्लॉटवर ६ बिऱ्हाडं राहू शकतात.

दुसरी मर्यादा गेममधल्या एकूण लोकसंख्येची. सेटिंगमधला आकडा ओलांडला की गेम काही पात्रं कायमची काढून टाकतो. बेघर आणि फारशी ओळखपाळख नसलेली पात्रं आधी जातात. म्हणून वेगळी केलेली बिऱ्हाडं ‘माय हाउसहोल्ड्स’मध्येच ठेवा. तिथल्या माणसांना गेम हात लावत नाही.