रात्री बाराची जाहिरात आणि कापडाचा धंदा

२०२० सालचा एप्रिल महिना कोणी कापड व्यापारी विसरणार नाही. लग्नसराई तोंडावर, २५ एप्रिलपासून रमजान, आणि दुकानाला कुलूप. ईदसाठी उचललेला माल गाठी न सोडता पडून होता. घरात बसून करायचे काय, तर टीव्ही. दूरदर्शनने २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा लावले होते, सकाळी नऊ वाजता आणि रात्री नऊ वाजता. 'महाभारत'ही सुरू झाले. आमच्या घरात मात्र मालिकेपेक्षा मधल्या जाहिरातींवर जास्त बोलणे झाले. अमूल आणि पार्ले-जी यांनी आपल्या कित्येक वर्षांपूर्वीच्या जाहिराती कपाटातून काढून या मालिकांत पुन्हा दाखवल्या होत्या.

मुलांनी विचारले, चित्र एवढे फिके का? आम्ही म्हटले, चित्र फिके आहे, पण हिशेब पक्का आहे. शूटिंग बंद, नवी फिल्म बनत नाही. जुनी तयार आहे आणि तिचा खर्च केव्हाच वसूल झाला आहे. पैसा द्यायचा तो फक्त वेळेचा. शिवाय बघणारा तोच, ज्याने १९८७-८८ मध्ये 'रामायण' शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून पाहिले. आपल्यापैकी ज्याच्याकडे पाच वर्षांपूर्वीचे ठाण एखाद्या हंगामात नव्याच्या भावाने गेले असेल, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाल्या. परंतु कापडवाल्यांच्या दृष्टीने खरे वर्ष १९८२ होय. त्या वर्षी दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने टीव्ही रंगीत झाला. साबण, बिस्कीट काळ्या-पांढऱ्या पडद्यावरही विकता येते. साडी कशी विकणार? तिचा रंगच दिसत नाही. आणि त्याच १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, दोन लाखांवर कामगार घरी बसले. गिरणीचे कापड पडद्यावर रंगीत झाले आणि गिरणीचे भोंगे थांबले, ते एकाच वर्षी.

त्यानंतर कापडाच्या जाहिरातींचा पूर आला. नरोड्याच्या रिलायन्स मिलचे विमल, बॉम्बे डाइंग, सुरतचे गार्डन वरेली, रेमंड. दिनेश सूटिंगसाठी सुनील गावसकर उभे राहिले. विमलच्या जाहिराती करणारी मुद्रा ही संस्था १९८० मध्ये अहमदाबादेत ए. जी. कृष्णमूर्ती यांनी काढली. म्हणजे कापडाच्या गावात कापडाच्याच पैशावर जाहिरातीचा मोठा कारखाना उभा राहिला.

आमच्या कोरपन्यात हे सर्व कसे पोहोचले ते सांगतो. उंच बांबूवर ॲन्टेना, पडद्यावर मुंग्या आणि सेट काळा-पांढरा. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक यायचे, "टीव्हीत दाखवलं तसलं द्या." आमचे वालिद विचारत, रंग कोणता होता? गिऱ्हाईकाला सांगता येत नसे. वालिद मग पाच-सहा ठाणे उलगडून टाकत आणि त्यातले एक 'टीव्हीतले' ठरून जाई. विमलची शोरूम मोठ्या शहरात. आमच्या फळीवर भिवंडीचा, मालेगावचा, इचलकरंजीचा माल. पोत बरा, पन्हा पूर्ण, भाव जवळजवळ निम्मा. जाहिरात एकाने करावी आणि विक्री दुसऱ्याची व्हावी, असा प्रकार कित्येक वर्षे चालला. त्यात आम्ही खोटे बोललो नाही, पण गिऱ्हाईकाची समजूत दुरुस्तही केली नाही, हे कबूल करतो.

भिवंडी-मालेगावच्या कापडाची टीव्हीवर जाहिरात का नव्हती, असा प्रश्न कोणी करील. पैसा नव्हता हे खरे. परंतु त्याहून मोठे कारण, त्या कापडाला नाव नव्हते. मागावरून उतरते ते कोरे कापड. ते व्यापारी घेतो, प्रोसेस हाऊसमध्ये रंगवून, छापून घेतो आणि काठावर आपला शिक्का मारतो. विणणारा मोमीन बंधू रात्रपाळीत माग चालवतो, पण त्याचे नाव ठाणावर कोठेच येत नाही. ज्याला नाव नाही त्याची जाहिरात कोण करणार? आमच्या मते यंत्रमाग धंद्याचे जे नुकसान झाले त्यात विजेच्या दराइतकाच या गोष्टीचा वाटा आहे. याची चर्चा मात्र आपल्या सभांतून होत नाही.

एक सर्फची जाहिरात होती, ललिताजींची. सस्ते आणि चांगले यांतला फरक त्या बाई अशा ठसक्यात सांगत की, दुकानदाराला घाम फुटावा. ते काम कविता चौधरी यांनी केले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. जाहिरात अलिक पदमसी यांची. ललिताजी आपल्या आईवरून सुचल्या, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. घरची श्रीमंती असूनही त्या भाजीवाल्याशी भाव करीत. आमच्या ओट्यावर अशा ललिताजी रोज चार तरी येत. फरक इतकाच की, त्या शेवटी सस्तेच नेत.

आता रात्रीच्या वेळेकडे येतो. दूरदर्शन रात्री अकरा-साडेअकराला झोपी जाई. १९९१ च्या आखाती युद्धानंतर डिश आणि केबल आले, १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही आला, आणि आमच्या भागातही केबलवाले तयार झाले. एक वाहिनी ते स्वतःसाठी ठेवत. तिच्यावर कॅसेट लावून सिनेमा आणि मध्ये गावातल्या दुकानांच्या जाहिराती. त्या कॅसेटींचे हक्क कोणी घेत नसे, हे आता सांगायला हरकत नाही. केबलचा कायदा १९९५ मध्ये झाला, पण तो आमच्या गल्लीत पोहोचायला वेळ लागला.

१९९६ च्या सुमारास आम्हीही जाहिरात दिली. पेंटरकडून पुठ्ठ्यावर दुकानाचे नाव लिहून घेतले, लग्नाचे शूटिंग करणाऱ्याकडून ते कॅमेऱ्यात उतरवले, आवाज आमचाच. उर्दू शाळेत शिकल्यामुळे आमचे 'ळ' तेव्हा नीट निघत नसत, त्यावर बाजारात बरीच थट्टा झाली. बोली होती रात्री नऊच्या सिनेमाची. पंधरा दिवस कोणी जाहिरात पाहिल्याचे सांगेना. एका रात्री जागून पाहिले, तर आमचा पुठ्ठा रात्री बारानंतर दुसऱ्या सिनेमात येत होता. तो सिनेमाही तेलुगू.

आम्ही भांडायला गेलो. केबलवाल्याने शांतपणे सांगितले की, नऊची वेळ जास्त पैसे देणाऱ्याला गेली. आमचे पैसे परत मिळाले नाहीत. परंतु त्याच आठवड्यात दुकानात नवीन चेहरे दिसू लागले. आवारपूर, गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांतले कामगार, त्यांत तेलुगू बोलणारे बरेच. दुसरी पाळी संपवून ते घरी येत, जेवत आणि सिनेमा लावत. केबलवाला हे ओळखून होता, म्हणूनच त्या वेळी तेलुगू सिनेमा. त्या ईदच्या आधी आमचे टेरिकॉटचे शर्टिंग संपले, दोनदा माल आणावा लागला. बायकांचे ड्रेसपीस मात्र तसेच राहिले. त्या वेळी बायका झोपलेल्या असत.

असो. पुढे रात्रीची वेळ वाहिन्यांनी टेलिशॉपिंगला विकली. नऊच्या मानाने रात्रीचा दर कमी. बघणारे थोडे, पण जे जागे असतात ते दुखणेकरी, काळजीत पडलेले, धंदा बुडालेले. त्यांना वजन घटवायचे पट्टे, केसांचे तेल आणि नशीब उजळणारी यंत्रे विकली गेली. आमच्या ओळखीच्या एका शिंप्याने दोन महिन्यांची मजुरी असल्या एका लॉकेटमध्ये घातली. बायकोला त्याने वर्षभर सांगितले नव्हते. २०२१ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने चमत्कारी गुण सांगून असली यंत्रे विकणाऱ्या टीव्ही जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे बेकायदा ठरवल्या. निकाल चांगला आहे. शिंप्याचे पैसे गेले ते गेले.

गावची वाहिनीही पूर्वीसारखी राहिली नाही. ग्रामीण भागात ३१ मार्च २०१७ पर्यंत सेट-टॉप बॉक्स बसवण्याची मुदत होती. त्यानंतर दोन-तीन गल्ल्यांपुरता कॅसेट लावणारा केबलवाला संपला, मोठ्या कंपनीचा वसुली करणारा माणूस उरला. तरुण दुकानदार मोबाईलवर जाहिरात करतात, आमचा मुलगाही करतो. आम्ही त्याला एकच विचारतो, ही दिसते किती वाजता? दुसरी पाळी अजून सुटते, आणि घरी आलेला कामगार आता मोबाईल बघतो.

आमची ती जाहिरात परत पाहावी असे २०२० मध्ये फार वाटले. शूटिंगवाल्याकडे चौकशी केली. त्या कॅसेटवर पुढे कोणाचे तरी लग्न भरले गेले. पेंटरचा पुठ्ठा मात्र आमच्या गल्ल्यामागे अजून आहे, एका कोपऱ्यात उंदराने खाल्लेला. त्यावरचा टेलिफोन नंबर तीन आकडी आहे.